सायलेन्सर बदलला, टायर कधी बदलणार?

नवी बाइक घ्यायची म्हटलं की ग्रुपवर काय काय चर्चा होते, आठवून बघा. मायलेज किती, टॉर्क किती, मॅट ब्लॅक बरा की रेड, ब्लूटूथ आहे का, ईएमआय किती बसेल. घरचे विचारतात, मागची सीट नीट रुंद आहे ना? पण ‘टायर कुठला देताय?’ असं शोरूममध्ये विचारणारा विरळाच. गाडी घरी आल्यावरही तेच. पहिल्या महिन्यात मोबाइल होल्डर येतो, दुसऱ्यात स्टिकर, तिसऱ्यात अख्ख्या गल्लीला जागं करणारा सायलेन्सर. टायरकडे लक्ष जातं ते पंक्चर झाल्यावर, आणि तेव्हाही आपलं नाही, पंक्चरवाल्या काकांचं.

मान्सून आता दारात आहे. पहिल्या पावसाची स्टोरी, ताम्हिणी नाहीतर माळशेज, गरम भजी, असे प्लॅन शिजायला लागलेत. म्हणून हा विषय आत्ताच. माझं म्हणणं थोडक्यात असं: हवामान बदललं की गाडीचा परफॉर्मन्स इंजिन नाही, टायर ठरवतो. आणि दुचाकीवर दिवसरात्र फिरणारी आपली पिढी टायर निवडते ते नुसतं दिसण्यावर. त्यात भर म्हणजे नीट निवडायला लागणारी माहितीही आपल्याला कुणी धड देत नाही. या दोन्ही गोष्टी बदलायला हव्यात.

दोन तळहातांचा भरवसा

दुचाकीचा टायर गोलाकार असतो. त्यामुळे रस्त्याला टेकणारा त्याचा भाग अगदी छोटा, फार तर तळहाताएवढा. पुढचा एक आणि मागचा एक. तुम्ही, तुमची बॅग, डबल सीट बसलेला मित्र किंवा आई, सगळ्यांचा भरवसा या दोन तळहातांवर. वेग वाढवायचा, वळायचं, थांबायचं, सगळं तिथूनच. ब्रेक फक्त चाक थांबवतो. गाडी थांबते ती टायरने रस्ता धरून ठेवला तर.

‘माझ्या गाडीला एबीएस आहे’ हे वाक्य अशा वेळी हमखास ऐकू येतं. २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या बाइकना एबीएस सक्तीचं झालं, ही चांगलीच गोष्ट. पण एबीएस काय करतं? ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ देत नाही. म्हणजे टायरकडे जेवढी पकड शिल्लक आहे तेवढीच नीट वापरून देतं. गुळगुळीत टायरला नवी पकड आणून देणं त्याच्या हातात नाही. पाकिटात दहा रुपये असतील तर यूपीआय अॅप कितीही भारी असो, खर्च दहाच होणार ना?

कोरड्या रस्त्यावर रबर डांबराच्या बारीक खडबडीत अंगात रुतून बसतं. पाऊस आला की दोघांच्या मधे पाण्याचा पडदा येतो. टायरवरच्या खाचा या पाण्याला बाहेर जायला वाट देतात. ती नक्षी शोभेची नाही, ती गटारं आहेत म्हणा ना. खाचा झिजल्या की पाणी तुंबतं, आणि शहरात गटार तुंबलं की काय होतं ते आपल्याला शिकवायला नको.

सगळ्यात दगाबाज असतो तो पहिला पाऊस. उन्हाळाभर रस्त्यावर साचलेलं ऑइल, धूळ, घासलेल्या रबराची भुकटी पहिल्या सरीत भिजते आणि रस्त्यावर साबणासारखा थर तयार होतो. जोराचा पाऊस पडला तर हा थर वाहून तरी जातो. नुसती भुरभुर झाली की तो तसाच राहतो. आपण मात्र मातीच्या वासाने खूश होऊन नेमकी त्याच दिवशी गाडी काढतो. त्यात झेब्रा क्रॉसिंगचे रंगवलेले पट्टे, मॅनहोलची लोखंडी झाकणं, मेट्रोच्या कामाजवळ टाकलेल्या पत्र्याच्या प्लेटा. यांच्यावर ओल्यात चांगला टायरही कचरतो, झिजलेला तर सरळ हात वर करतो.

‘ऑल सीझन’ म्हणजे कुठले सीझन?

टायरच्या जाहिरातींत, परदेशी व्हिडिओंत ‘ऑल सीझन’ हा शब्द सारखा कानावर पडतो. हा शब्द आला कुठून, हे बघण्यासारखं आहे. युरोप-अमेरिकेत गाड्यांना उन्हाळ्याचे टायर वेगळे आणि हिवाळ्याचे वेगळे असतात. थंडीत रबर कडक होतं, साधारण सात अंशांच्या खाली उन्हाळी टायरची पकड कमी व्हायला लागते. हिवाळ्याच्या टायरचं रबर अशा थंडीतही मऊ राहतं. जर्मनीत तर बर्फाळ रस्त्यावर गाडी चालवायची असेल तर टायरवर डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह असावं लागतं. दर सहा महिन्यांनी टायर बदलायचा कंटाळा येणाऱ्यांसाठी मधला मार्ग म्हणून ऑल सीझन टायर आले. म्हणजे त्यांच्या ‘ऑल’मध्ये बर्फ धरलेला आहे.

आपल्याकडे बर्फाचा प्रश्न नाही. आपले सीझन वेगळे आणि तेही एका राज्यात, कधी कधी एका जिल्ह्यात. साताऱ्याचंच उदाहरण घ्या. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्याच जिल्ह्यात, माण तालुक्यात दहिवडीच्या बाजूला तो पाचशेच्या आसपास. दोन्हीकडच्या गाड्यांची नंबर प्लेट एमएच ११, पण टायरच्या वाट्याला येणारं आयुष्य पूर्ण वेगळं. चंद्रपूर-नागपूरला मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, आणि काळ्या डांबराचं तापमान हवेपेक्षा बरंच जास्त असतं. तिकडे टायरचा शत्रू पाणी नाही, उष्णता आहे.

म्हणून ‘कुठला टायर बेस्ट?’ या प्रश्नाला एक उत्तर नाही. ‘मी वर्षभर कुठल्या रस्त्यावर, कुठल्या हवेत, किती वजन घेऊन फिरतो?’ हा प्रश्न आधी. मुंबई, ठाणे, पुणे, कोकण इथे रोज डांबरावर किंवा काँक्रीटवर गाडी चालवणाऱ्याला ओल्यात धरणारा, मधून कडेपर्यंत सलग खाचा गेलेला रस्त्याचा टायर हवा. रबर जरा मऊ असेल, ज्याला दुकानात सॉफ्ट कंपाउंड म्हणतात, तर पकड चांगली मिळते. त्याची किंमत म्हणजे तो लवकर झिजतो. रबरात सिलिका मिसळलेली असेल तर ओल्या रस्त्यावरची पकड सुधारते, म्हणून दुकानदाराला हेही विचारायला हरकत नाही. वाडीवरून मुरमाच्या रस्त्याने तालुक्याला येणाऱ्याला मात्र खोल खाचांचा, दोन्हीकडे चालणारा टायर लागतो. आणि विदर्भ-मराठवाड्यात लांब पल्ले मारणाऱ्याने टायरचं वय, वजन पेलायची ताकद आणि हवा या तीन गोष्टींशी तडजोड करू नये.

लुक भारी, पकड बिचारी

कॉलेजच्या पार्किंगमध्ये सध्या दोन फॅशन दिसतात. पहिली बटण टायरची, म्हणजे जाड जाड ठोकळ्यांचा ऑफ-रोड टायर. गाडी शहरातून बाहेर पडत नाही, पण टायर मात्र लडाखचा! हा टायर चिखलात, मातीत उत्तम, कारण ठोकळे जमिनीत रुततात. डांबरात काय रुतणार? तिथे ठोकळ्यांमधल्या मोकळ्या जागेमुळे रस्त्याला टेकणारं रबरच कमी होतं. ओल्या डांबरी वळणावर हा फरक एकदम कळतो, आणि कळतो तेव्हा उशीर झालेला असतो.

दुसरी फॅशन जाड टायरची. मूळ रिमवर दोन-तीन साइज मोठा टायर चढवायचा, मागून गाडी ‘सुपरबाइक’ दिसते. पण अरुंद रिमवर रुंद टायर बसवला की त्याच्या कडा आत ओढल्या जातात आणि मधला भाग फुगून वर येतो. मग रुंदी वाढूनही रस्त्याला नीट टेकत नाही, गाडी वळायला जड होते आणि मायलेज घटतं. म्हणजे जास्त पैसे देऊन कमी टायर विकत घेतला. कंपनीने मॅन्युअलमध्ये दिलेली साइज ही कंजुषी नाही, हिशोब आहे.

या दोन फॅशनपेक्षा वाईट प्रकार म्हणजे झिजलेल्या टायरवर गरम पात्याने पुन्हा खाचा पाडून घेणं. दोन-तीनशे रुपयांत टायर ‘नवा’ दिसतो. मुळात उरलेलं रबर पातळ, त्यात आणखी कोरायचं. पावसाळ्याच्या आधी अशी ‘डागडुजी’ करून देणारे रस्त्याकडेला बसलेले दिसतात. स्वस्त आहे, मान्य. पण असा टायर म्हणजे दाढ दुखते म्हणून तिला पांढरा रंग देण्यातला प्रकार.

टायर वाचता येतो

यातली जमेची बाजू ही की टायर स्वतःबद्दल सगळं सांगतो, आपण फक्त वाकून वाचायला हवं. समजा स्कूटरच्या मागच्या टायरवर लिहिलंय ९०/१००-१० ५३जे. नव्वद म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी. शंभर म्हणजे रुंदीच्या किती टक्के उंची. दहा म्हणजे इंचांत रिमचा व्यास. ५३ हा वजनाचा आकडा, तो म्हणजे २०६ किलो. आणि जे म्हणजे ताशी १०० किलोमीटरपर्यंतचा वेग. आता ट्रिपल सीट बसून वर ग्रोसरीची पिशवी लटकवणाऱ्यांनी हे २०६ जरा डोक्यात ठेवावेत, कारण त्यात गाडीच्या वजनाचा वाटाही असतो.

मग चार आकड्यांचा एक लंबगोल शिक्का दिसतो. उदाहरणार्थ २३२४. म्हणजे २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. ‘नवा’ म्हणून विकत घेताना हा शिक्का बघायचाच. रबर वापरलं नाही तरी म्हातारं होतं, कडक पडतं, बाजूला बारीक भेगा येतात. आजोबांची स्कूटर वर्षानुवर्षं पार्किंगमध्ये झाकून ठेवली होती, टायर ‘नवाकोरा’ आहे, असं कुणी म्हणालं तर खाचा बघू नका, तारीख बघा. पाच वर्षं उलटली की दरवर्षी टायर माहीतगाराला दाखवून घ्यावा.

टायरच्या बाजूवर एक छोटा बाणही असतो, चाक कुठल्या दिशेने फिरायला हवं ते सांगणारा. पंक्चर काढताना चाक उलटं बसलं तर पाणी बाहेर काढणारी नक्षी नीट काम करत नाही. दुकानातून निघण्याआधी पाच सेकंद बाण बघायला काहीच लागत नाही.

आणि झीज? खाचांच्या तळाशी मधे मधे छोटे उंचवटे असतात. वरचं रबर झिजून या उंचवट्यांच्या पातळीला आलं की टायर संपला. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या ९४ व्या नियमाप्रमाणे दुचाकीच्या टायरची खाच किमान ०.८ मिलिमीटर खोल असावी लागते, कारसाठी १.६. ०.८ मिलिमीटर म्हणजे किती? जवळपास तुमच्या एटीएम कार्डाच्या जाडीएवढं! कायद्याच्या दृष्टीने एवढ्यावर गाडी चालते. मुसळधार पावसात ती नीट थांबेल, असं मात्र त्या कार्डाकडे बघून वाटत नाही. माझं मत विचाराल तर जूनमध्ये शिरताना खाच निदान तीन कार्डं एकावर एक ठेवल्याएवढी खोल हवी. नसेल तर टायर दिवाळीपर्यंत ओढू नका, आत्ता बदला. उन्हाळ्यात झिजवून पावसाळा संपल्यावर नवा घालणं म्हणजे छत्री ऑक्टोबरमध्ये घेणं.

नवा टायर घातल्यावर पहिले शंभरेक किलोमीटर जपून, हेही लक्षात असू द्या. कोऱ्या टायरचा पृष्ठभाग तुकतुकीत असतो, तो जरा घासला गेल्यावरच खरी पकड येते. त्यामुळे सकाळी टायर बदलून दुपारी घाटात जाऊ नका.

आता हवेबद्दल. ‘उन्हाळ्यात हवा कमी ठेव, टायर फुटतो’ आणि ‘पावसात हवा कमी ठेव, ग्रिप येते’ असे दोन सल्ले प्रत्येक कट्ट्यावर मोफत मिळतात. दोन्ही चुकीचे. हवा कमी असली की टायर प्रत्येक फेरीला जास्त दबतो, वाकतो आणि त्यामुळेच जास्त तापतो. फुटण्याचा धोका तिथे वाढतो. पावसात कमी हवेच्या टायरच्या खाचा मिटतात आणि पाणी बाहेर जायची वाट अरुंद होते. म्हणून दोन्ही ऋतूंत मॅन्युअलमध्ये दिली आहे तेवढीच हवा, आणि ती टायर थंड असताना, सकाळी मोजलेली. नायट्रोजनच हवा असा हट्टही नको. साध्या हवेत तो मुळातच ७८ टक्के असतो. कुठली हवा भरता यापेक्षा दर पंधरा दिवसांनी तपासता की नाही, हे महत्त्वाचं.

कारला नियम, बाइकला नशीब

इथपर्यंत आपल्या हातातलं झालं. आता जे आपल्या हातात नाही त्याबद्दल. २०२२ साली केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने टायरसाठी नवा नियम आणला. ओल्या रस्त्यावरची पकड, रस्त्याशी होणारं घर्षण आणि आवाज, या तिन्ही कसोट्यांवर टायर उतरला पाहिजे, असं त्यात ठरलं. पण हा नियम कोणासाठी? कार, हलकी व्यावसायिक वाहनं, ट्रक आणि बससाठी. त्यात दुचाकी नाही!

हे मला कळेनासं झालंय. मंत्रालयाच्याच अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली आणि त्यातली ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. हे सगळे मृत्यू टायरमुळे झाले असं कुणीच म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. पण चार चाकं, एअरबॅग आणि पत्र्याचं कवच असलेल्याला ओल्यात धरणाऱ्या टायरची हमी, आणि दोन चाकांवर उघड्यावर तोल सांभाळणाऱ्याला दुकानदाराचा ‘घेऊन जा, चांगला आहे’ एवढाच शब्द, हा न्याय उलटा नाही का? फ्रिज घेताना स्टार मोजतो आपण. दुचाकीच्या टायरवर ओल्या रस्त्यावरच्या पकडीचं एक साधं मानांकन छापायला काय हरकत आहे? ते आलं तर ऑल सीझन, सुपर ग्रिप असल्या शब्दांवर विश्वास ठेवायची वेळ येणार नाही. चाळीस अंशांत आणि चार इंच पावसात टायर कसा वागतो, ते आकड्यात दिसेल.

‘आधी खड्डे बुजवा, मग टायरचं ज्ञान द्या’ असं काही जण म्हणतील. राग रास्त आहे. रस्ते नीट ठेवणं ही महापालिका आणि सरकारचीच जबाबदारी, टायर चांगला असला म्हणून ती संपत नाही. पण खड्डा चुकवायला ऐन वेळी ब्रेक दाबावा लागतो तो आपल्यालाच. खड्ड्यांबद्दल भांडताना टायर गुळगुळीत ठेवला तर ठेकेदाराचं काही बिघडत नाही.

दुसरा मुद्दा पैशांचा, आणि तो खरा आहे. स्कूटरचा एक चांगला टायर दोन हजारांच्या आत-बाहेर जातो. पॉकेटमनीवर चालणाऱ्याला ते जड आहे. पण सायलेन्सर, एलईडी, स्टिकर यांचा खर्च एकदा बेरीज करून बघा. तो जमतो तर हाही जमतो. एका वेळी दोन नको, जो जास्त झिजलाय तो आधी बदला.

ज्यांना खरंच जमत नाही, त्यांचा विचार मात्र वेगळा करायला हवा. आपल्याच वयाची हजारो मुलं डिलिव्हरीसाठी दिवसभर बाइकवर असतात. गाडी त्यांची, पेट्रोल त्यांचं, टायरही त्यांच्याच खिशातून. पाऊस वाढला की ऑर्डर वाढतात, आणि इन्सेंटिव्हही तेव्हाच मिळतो. म्हणजे रस्ता सगळ्यात जास्त निसरडा असतो त्याच तासाला सगळ्यात झिजलेले टायर सगळ्यात घाईत धावत असतात. या कंपन्या रेनकोट देतात, त्यावर आपला लोगो छापून. त्यांनी दरवर्षी जूनच्या आधी टायर तपासून द्यावेत, बदलायची वेळ आली असेल तर निम्मा खर्च उचलावा, ही मागणी अवाजवी नाही. रेनकोट लोगो कोरडा ठेवतो. माणूस सरळ उभा राहतो तो टायरवर.

आज रात्री पार्किंगमध्ये जाऊन मोबाइलचा टॉर्च लावा. दोन्ही टायरची तारीख वाचा, खाचांवरून बोट फिरवा, बाजूच्या भेगा बघा. आपली गाडी झाली की शेजारची बघा, आई-बाबांची तर नक्कीच, कारण ते स्वतः बघणार नाहीत. आणि पुढच्या वेळी ग्रुपवर कुणी नव्या बाइकचा फोटो टाकला की ‘पार्टी कधी?’ विचारण्याआधी विचारा, ‘टायर कुठला?’